३१ ऑक्टोबरचा खेळ: जुने भयपट कोणते आणि कसे दाखवायचे

प्रेषक: कार्यक्रम समिती
प्रति: अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाचे सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

२०२६ चं हॅलोवीन शनिवारी येतंय आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, त्यामुळे ती संध्याकाळ सभागृह आपल्याला मोकळं आहे. रात्री अकराच्या आत आवरायचं आहे. जुने कृष्णधवल भयपट दाखवावेत अशी सूचना आली आहे. कोणते घ्यावेत? तिकीट नसलं तरी परवाना लागतो का? आणि नऊ-दहा वर्षांची मुलं हे इतके जुने सिनेमे बघत बसतील का? नुसती नावं नकोत, कारणासकट लिहा.

---

प्रेषक: चित्रपट गट

ताई, नमस्कार.

मुलं बसतात. पण खोली काळोखी हवी आणि चित्र ताणलेलं नको. हे सिनेमे हास्यास्पद वाटतात ते बहुतेक वेळा वाईट दाखवल्यामुळे.

साडेसातला ‘फ्रँकेनस्टाइन’ (१९३१, दिग्दर्शक जेम्स व्हेल) लावा. जेमतेम ७० मिनिटांचा आहे. साधारण अर्ध्या तासानंतर राक्षस पहिल्यांदा पूर्ण दिसतो, तो प्रवेश नीट बघा: दारातून तो पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो आणि मग एकामागून एक तुकड्यांत कॅमेरा थेट चेहऱ्याला जाऊन भिडतो. संगीत अजिबात नाही. तो चेहरा रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी कापूस आणि कलोडियनचे (वाळून कातडीसारखा घट्ट होणारा द्रव) थर देऊन रोज सुमारे चार तास खपून उभा केला. पापण्यांवर मेण चढवलं, म्हणून त्या जड दिसतात. राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफनी दातांचा ब्रिज (बसवलेले खोटे दात) काढून ठेवला, म्हणून एक गाल आत गेलेला. रंग हिरवट-राखाडी होता, कारण कृष्णधवल फिल्मवर तोच प्रेतासारखा उतरतो. एवढं सगळं थापूनही डोळे आणि हात मोकळे ठेवले, आणि माझ्या मते सिनेमा टिकला तो तेवढ्यामुळे. छताची झडप उघडते, उजेड पडतो आणि तो दोन्ही हात वर करून उजेड धरायला जातो. तान्ह्या बाळासारखा. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी. तळ्याकाठी तो छोट्या मारियाबरोबर फुलं पाण्यात सोडतो, फुलं संपतात आणि तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो. ती तरंगेल असं त्याला वाटतं. जुन्या कापलेल्या प्रतींत त्याचा हात तिच्याकडे जातो तिथेच दृश्य तुटतं आणि त्यानंतर ती दिसते ती बापाच्या हातातलं प्रेत म्हणूनच. मधलं काढल्याने मनात भलतीच शंका येते. १९८० च्या दशकात हा तुकडा परत जोडला गेला, तेव्हा पूर्ण प्रतच घ्या आणि पालकांना आधी कल्पना द्या. आठ वर्षांखालच्यांना नको.

मध्यंतर २० मिनिटांचं. मग मोठ्यांसाठी ‘नोस्फेराटू’ (१९२२, दिग्दर्शक मुर्नाऊ), रक्तपिपासू काउंट ओर्लोकचा मूकपट, ९४ मिनिटं. १० वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास संपतं.

परवान्याचं म्हणाल तर विकत घेतलेली डिस्क घरच्यापुरती असते. सभागृहात दाखवणं म्हणजे जाहीर खेळ, मग तिकीट असो वा नसो. अमेरिकेत १९३१ च्या चित्रपटांवरचे हक्क १ जानेवारी २०२७ ला संपतात, म्हणजे ‘फ्रँकेनस्टाइन’ आणि बेला लुगोसींचा ‘ड्रॅक्युला’ दोन महिन्यांनी मोकळे होतील. या खेळाला मात्र वितरकाकडून बिगर-व्यावसायिक परवाना घ्यावाच लागेल. अशा परवान्यात बऱ्याचदा बाहेर जाहिरात करायला मनाई असते. अटी वाचल्याशिवाय चित्रपटाचं नाव फेसबुकवर टाकू नका.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश गट

प्रोजेक्टरबद्दल. आपला पडदा १६:९ चा, १० फूट रुंद, म्हणजे उंची साधारण ५ फूट साडेसात इंच. या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते, त्यामुळे चित्र फार तर पावणेआठ फूट रुंद येईल आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील. ते राहू द्या. पडदा भरायला झूम केलं की कपाळं आणि हनुवट्या जातात. ताणलं की कार्लॉफ बुटका दिसतो.

प्रोजेक्टरच्या मेनूतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद, रंग ‘सिनेमा’वर, शार्पनेस शून्याजवळ. शार्पनेस वाढवला की फिल्मचे कण वाळूसारखे वळवळतात. उन्हाळी वेळ संपून घड्याळं त्या रात्री दोननंतर तासभर मागे जातात, तरी साडेसातला बाहेर काळोख असतोच. खरा त्रास स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाचा. तिथे जाड सतरंजी लावा. बाहेर जाण्याच्या दारावरचे दिवे मात्र झाकायचे नाहीत, तो कायदा आहे.

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. भिंतीवरचे दोन्ही स्पीकर लावले तर शब्द घुमतात, म्हणून एकच स्पीकर पडद्याखाली मधोमध ठेवा. मिक्सरवर १०० हर्ट्झखालचं कापा, ८ किलोहर्ट्झच्या वरचं हलकेच उतरवा. खरखर पूर्ण घालवायला गेलं की संवादांतले ‘स’ आणि ‘श’ पण जातात. थोडी खरखर असू दे. चहाची विजेवरची किटली, पॉपकॉर्नचं यंत्र, दोन्ही खोलीबाहेर. शांततेच्या जागी त्यांची घरघर फार ऐकू येते. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा.

---

प्रेषक: चित्रपट गट

दादा, अगदी बरोबर. ‘नोस्फेराटू’च्या प्रतीबद्दल लिहायचं राहिलं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

मूळ चित्रपट अमेरिकेत हक्कमुक्त आहे, म्हणून इंटरनेटवर ढीगभर प्रती सापडतात. बऱ्याचशा निव्वळ कृष्णधवल. त्या घेऊ नका. त्या काळची फिल्म रात्रीच्या उजेडात उमटत नसे, म्हणून रात्रीची दृश्यं भर उन्हात घेऊन नंतर फिल्मला निळा रंग दिला जाई. खोलीतल्या दिव्याला पिवळा, पहाटेला गुलाबी. इथे उन्हाने रक्तपिपासू मरतो यावरच गोष्ट उभी आहे, आणि ही कल्पना याच सिनेमाने रुजवली. मूळ ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला काउंट दिवसाही फिरतो. निळा रंग काढला की ओर्लोक स्वतःची शवपेटी बगलेत मारून लख्ख उन्हात गाव ओलांडताना दिसतो, आणि शेवटाला काही अर्थच उरत नाही.

दुसरी गोष्ट वेग. हे सेकंदाला १८ चौकटींनी चालवायचं. २४ ने चालवलं की ९४ मिनिटांचं सुमारे ७० मिनिटांत संपतं आणि माणसं तुरूतुरू पळतात. मात्र जंगलातली बग्गी मुद्दाम भरधाव ठेवली आहे, आणि पुढे झाडं पांढरी दिसतात तो निगेटिव्हचा तुकडाही मुद्दामच. प्रत बिघडली समजून कुणी खेळ थांबवू नये.

डिस्कवरचं संगीत नवं असतं आणि त्याचे हक्क वेगळे. आवाज बंद करून आपले पेटी-तबला घ्यावेत. मूकपटांच्या काळात आपल्याकडेही तेच वाजे. पुनरुद्धार केलेली प्रत घेतली तर ती काढणाऱ्यांना पत्र पाठवून रीतसर विचारा.

---

प्रेषक: संगीत विभाग

पेटी आणि तबला आम्ही घेतो. वाड्यातल्या रात्रीला मालकंस, मंद्र सप्तकात. भुताखेतांचा राग म्हणतात तो उगाच नाही. शेवटच्या पहाटेला ललत, दोन्ही मध्यमांमुळे उजाडतंय की नाही अशी घालमेल राहते. जिन्यावरून सावली चढते तिथे दोघांनीही हात उचलायचे. पूर्ण शांतता. कोंबडा आरवतो त्या चित्रावर पेटी परत येईल. ९४ मिनिटं सलग भाता मारणं एकाला झेपणार नाही, म्हणून दोन पेटीवाले आलटून पालटून.

मूकपटात मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या इंग्रजीत असतील. भारतातून आलेल्या आजी-आजोबांसाठी त्या मराठीतून वाचायच्या. पाटी काही सेकंदच टिकते, तेव्हा दर पाटीला सात-आठ शब्दांत बसेल असं भाषांतर २५ तारखेपर्यंत हवं. पेटीवर छोटा दिवा लागेल. त्याला तांबडा कागद लावू आणि तोंड खाली ठेवू, पडद्यावर उजेड जाणार नाही.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

ठरलं तर मग. परवान्याचा अर्ज उद्या जाईल. रंगीत छटांची प्रत हाती आली की पहिली दहा मिनिटं सभागृहातच, सगळे दिवे घालवून, त्याच पडद्यावर लावून बघू. वाचनाला कोण बसणार तेवढं कळवा.