संपवलेला आरपीजी पुन्हा खेळण्यात काही अर्थ आहे का?

मांडवीकाठ (पणजी) :
गेल्या आठवड्यात येथे एका सभासदाने लिहिले की, शेवट पाहून झालेला आरपीजी (ज्यात आपण एका पात्राची भूमिका घेऊन, निवडी करत कथा पुढे नेतो तो व्हिडिओ गेम) पुन्हा सुरू करणे हा निव्वळ आळस आहे. नव्या खेळाचे नियम शिकण्याचा ज्यांना कंटाळा येतो, तेच जुन्या खेळात जाऊन बसतात. ते वाचून दोन दिवस मला चैन पडले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

‘द विचर ३’ मी पहिल्यांदा २०१६ च्या पावसाळ्यात खेळलो. त्यातल्या वेलेन या प्रदेशात टेकडीवर झाडात कोंडलेल्या एका आत्म्याला मी मारले, कारण तो धोकादायक आहे असे मला मनापासून वाटले. पुढे दलदलीतली अनाथ मुले नाहीशी झाली आणि तिथला सरदार बॅरन याची बायको ॲना भ्रमिष्ट झाली. ते मला इतके लागले की तीन वर्षांनी, केवळ त्या मुलांसाठी, मी खेळ पहिल्यापासून सुरू केला आणि आत्म्याला मोकळे केले. मुले वाचली, पण ॲना मेली आणि बॅरनने स्वतःच्या वाड्यातल्या झाडाला गळफास लावून घेतला. निर्दोष वाट त्या प्रसंगात ठेवलेलीच नाही, हे मला दुसऱ्या वेळी कळले. एकदाच खेळून थांबलो असतो, तर आपण चुकलो एवढीच समजूत घेऊन राहिलो असतो.

२०११ च्या ‘विचर २’ मध्ये तर रोश या सेनानीची बाजू घेतली की दुसरा अध्याय हेन्सेल्ट राजाच्या छावणीत घडतो आणि योर्वेथ या एल्फ बंडखोराची घेतली की व्हर्गेन नगरात. एकदाच खेळणाऱ्याने त्या अध्यायाची एक बाजू पैसे मोजूनही पाहिलेली नसते. याला आळस म्हणणाऱ्याने आपला शब्द तपासावा.

रात्रपाळी (फोंडा) :
ते मत माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. वेर्ण्याच्या कारखान्यातून मी घरी पोहोचतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. जेवून झाल्यावर हातात जेमतेम एक तास उरतो. ‘विचर ३’ संपवायला मला नऊ महिने लागले. मित्रांच्या आग्रहाने नंतर न्यू गेम प्लस, म्हणजे कमावलेले सामर्थ्य घेऊन तोच खेळ पहिल्यापासून, सुरू केला. लेव्हल तीसपासून सुरुवात, तलवारी आणि चिलखते जवळ, पण ग्वेंट या खेळातल्या पत्त्यांच्या डावाचे, गावोगाव खेळून जमवलेले पत्ते गेलेले. दोन महिने खेळल्यावर लक्षात आले की मी प्रत्येक ठिकाणी पहिल्या वेळचीच निवड करत आहे. झाडातला आत्माही पुन्हा मारला. माणूस तोच असेल तर निवड तरी वेगळी कुठून येणार? त्या दोन महिन्यांत माझा ‘डिस्को एलिझियम’ हा दुसरा आरपीजी खेळून झाला असता. ज्याला वेळ मोजून खर्च करावा लागत नाही, त्याने दुसऱ्या फेरीची थोरवी गावी.

कौलारू घर (पेडणे) :
रात्रपाळीवाल्यांचे म्हणणे मान्य केले तर आमच्या गावाने जत्रेत दशावतारी पाहणे कधीच सोडायला हवे होते. आधी गणपती, मग संकासुर, मग ठरलेले पौराणिक आख्यान. कोण जिंकणार हे लहान मुलालाही ठाऊक असते. तरी माणसे थंडीत पहाटेपर्यंत बसतात. शेवट माहीत असल्यामुळे गोष्ट वाया जाते, हे कोणी ठरवले?

रात्रपाळी (फोंडा) :
तुलना चुकली आहे. दशावताराला लिखित संहिता नसते. नट उभा राहतो आणि संवाद जागेवर रचतो, म्हणून दर वर्षी तेच आख्यान वेगळे होते. ‘विचर ३’ चा नायक गेराल्ट मात्र ध्वनिमुद्रित वाक्येच बोलणार, दहाव्या वेळीही तीच. आणि खरे सांगायचे तर अलीकडे दशावतारातही ते उरलेले नाही. मागच्या वर्षी मी पाहिलेल्या प्रयोगात धूर, रंगीत दिवे आणि ट्रिकसीन म्हणजे रंगमंचावरचे चमत्कारच अर्धी रात्र चालले होते. पखवाज ऐकूही येत नव्हता.

कौलारू घर (पेडणे) :
एक प्रयोग पाहून सगळ्या मंडळ्यांना नावे ठेवू नका. माझे आजोबा पायपेटी वाजवत असत. पेटारे डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला चालत जाणारी माणसे मी त्यांच्या तोंडून ओळखतो. ट्रिकसीन आले म्हणून राजा आणि राक्षस यांच्यातला शब्दांचा सामना संपलेला नाही; तो पाहायचा असेल तर मध्यरात्री उठून घरी जाऊ नये.

आता मुद्द्यावर येतो, कारण तुम्ही तुमच्याच विरुद्ध बोललात. आरपीजीत तुम्ही प्रेक्षक नसता, नट असता. आख्यान ठरलेले, समोरच्याची वाक्ये ठरलेली. पण आपण काय बोलायचे, कोणाला सोडायचे, कोणावर हात उगारायचा, हे ठरवणे तुमच्याकडे असते. एकच नट आज राजा होतो आणि उद्या स्त्रीपार्ट करतो. तुम्ही दुसऱ्या वेळी तीच भूमिका त्याच चालीने उभी केलीत, तर आख्यानाला बोल कशाला लावता?

गालजीबाग (काणकोण) :
दोघेही खऱ्या दुखण्यापर्यंत पोहोचलेले नाहीत. दुसरी फेरी निरस होते ती पहिल्या फेरीतल्या सेव्ह-लोडमुळे, म्हणजे खेळ जिथे आहे तिथे जतन करून नको ते घडले की परत तिथून सुरू करण्यामुळे. माझा चुलतभाऊ ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये प्रत्येक फाशाआधी सेव्ह करायचा आणि दान मनासारखे पडेपर्यंत लोड करायचा. शेजारी फोनवर गाइड उघडे. सगळी दारे पहिल्याच वेळी उघडून पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या वेळी काय सापडणार? मी त्याच खेळात हरलेली दाने तशीच ठेवली आणि दोनदा शेवटपर्यंत गेलो. दोन्ही वेळा सोबती वेगळे, वैरी वेगळे.

मांडवीकाठ (पणजी) :
म्हणूनच ‘विचर ३’ मला श्रेष्ठ वाटतो. तिथे निवडीचे फळ कित्येक तासांनी समोर येते, तोवर मागे फिरण्याजोगी सेव्ह बहुधा उरलेली नसते. गेराल्टची मानलेली मुलगी सिरी हिचे भवितव्य मोठ्या लढायांवर ठरत नाही. खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे खेळलात का, चेटकिणींच्या सभेत तिला एकटीने जाऊ दिलेत का, असल्या साध्या प्रसंगांवर ते ठरते. २०१५ च्या ‘अंडरटेल’ मध्ये तर सर्वांना ठार मारून शेवट गाठला, की नंतर दयेच्या वाटेने गेलात तरी तो शेवट पूर्वीसारखा निर्मळ राहत नाही. पुन्हा खेळणाऱ्याकडून हिशेब मागणारा असा खेळ आळशी माणसासाठी नव्हे.

आबोली (डिचोली) :
माझा अनुभव सांगते. माझा दादा बोटीवर कामाला आहे. सुट्टीत तो ‘निअर ऑटोमाटा’ खेळत असे आणि मी शेजारी बसून पाहत असे. श्रेयनामावली आली तेव्हा “संपला” म्हणून त्याने कन्सोल बंद केला आणि दोन दिवसांनी तो बोटीवर गेला. पावसाळ्यात त्याची आठवण येऊन मी त्याची सेव्ह पुढे चालवली. दुसऱ्या फेरीत तीच कथा नाइन-एस या सोबत्याच्या नजरेने दिसते, आणि तिसऱ्या फेरीत तर कथा पुढे सरकून सगळे उलटेपालटे होते. दादाने ज्याला शेवट मानले होते, तिथे खेळ नीट सुरूही झाला नव्हता. हे मी त्याला फोनवर सांगितले नाही. तो परत आल्यावर शेजारी बसवून त्याच्याकडूनच खेळवून घेतले.

रात्रपाळी (फोंडा) :
आबोलीताई, तुमची हकीकत मनाला भिडली; पण तो पुरावा माझ्या विरुद्ध जात नाही. त्या फेऱ्या एकाच खेळाचे अध्याय आहेत, त्यांना पुनरावृत्ती म्हणता येणार नाही.

आळस हा शब्द मी मागे घेतो. तो कारखान्यातल्या एका वाईट रात्रीनंतर लिहिला गेला होता. वेळेविषयीचे म्हणणे मात्र कायम आहे. पेडणेकरांचा नटाचा मुद्दा मला आवडला नाही आणि खोडताही येत नाही. बॅरनचा तो शेवट मी पाहिलेला नाही, हेही खरे. वेलेनमध्ये पोहोचल्यावेळची एक जुनी सेव्ह शिल्लक आहे. एका रविवारी तेवढाच भाग खेळून पाहीन, पूर्ण खेळ नाही.

मांडवीकाठ (पणजी) :
तेवढाच खेळणार असाल तर आधी दलदलीत जाऊन मुलांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या आजीला भेटा, मगच टेकडी चढा. क्रम उलटा झाला तर परिणाम बदलतो, आणि तुमचा रविवार फुकट जायला नको.