गावचा ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन'वर टाकावा का?

पांझरा_काठ
गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परत 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय' सुरू झालंय. माझं मत स्पष्ट आहे, लिहायचा हक्क फक्त अ‍ॅडमिनला ठेवा. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात याच अफवेवरून पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. बाजाराचा दिवस होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. अशा मेसेजवर 'सावध राहा' म्हणून हात जोडणारेही निर्दोष नाहीत, असं मला वाटतं.

कृष्णाकाठची
भाऊ, राईनपाड्याबद्दल वाद नाही. पण २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीकडं ग्रुपनंच वाचवलं. 'मळ्यातल्या घराच्या गच्चीवर आजी-आजोबा अडकलेत, होडी पाठवा.' 'बिस्किटं पुरे झाली, जनावरांना वैरण पाठवा.' हे लिहिणारे साधे लोक होते. अ‍ॅडमिन स्वतः गच्चीवर, फोन बंद!

पांझरा_काठ
ताई, पूर कधीतरी येतो, अफवा रोज येते.

सातबारा
त्यावर कंपनीनंच उपाय केला ना? २०१८ मध्येच भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड. २०२० पासून फार फिरलेला मेसेज एकाच ठिकाणी.

पांझरा_काठ
आणि कॉपी-पेस्ट? आमच्याकडची पोरं तेच करतात.

तालुका_वकील
अ‍ॅडमिन लोक केसच्या भीतीनं ग्रुप बंद करतात, म्हणून सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही.

सातबारा
मग झालं तर. खरी भीती वेगळीच आहे. आमचा अ‍ॅडमिन सरपंचाचा पुतण्या. एकानं 'टँकर आमच्या आळीत का येत नाही' विचारलं, तर तासाभरात बाहेर. आता सगळा ग्रुपच त्याच्या हातात द्यायचा म्हणता?

पांझरा_काठ
एकाच्या नाही. प्रत्येक आळीतला एक अ‍ॅडमिन करा, पोलीस पाटलांना घ्या. शंका आली तर पाटलांनी ठाण्यात फोन करून मगच लिहायचं.

कृष्णाकाठची
आमचे पोलीस पाटील रोज पहाटे साडेपाचला गुलाबाचं फूल टाकतात. अफवाही तेच टाकतात, 'आलेला मेसेज पुढे पाठवत आहे' असं वर लिहून.