खाणीच्या ढिगावर लावलेली वड-पिंपळाची रोपं वाळली, काय चुकलं?

दांडियाबाजारकर

नमस्कार. आम्ही बडोद्यातली दहा-बारा मंडळी आहोत. दांडिया बाजार, रावपुरा इथल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतून उगवलेली वड, पिंपळ, उंबराची रोपं अलगद काढायची, वर्षभर पिशवीत जगवायची आणि पावसाळ्यात लावायची, हे आमचं काम. गेल्या जुलैत रीतसर परवानगी काढून एका बंद लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीच्या ढिगावर तीनशे रोपं लावली. दिवाळीपर्यंत जेमतेम ऐंशी उरली.

पाण्यात कसूर केली नव्हती, दर रविवारी टँकर नेत होतो. पूर्वेच्या उतारावरची बरीच जगली, पश्चिमेकडची सगळी गेली. तिथलं एक रोप उपटून पाहिलं. पाच महिन्यांत मुळं पिशवीच्या आकाराबाहेर गेलीच नव्हती! टोकं काळी, आखूड, जळल्यासारखी. मातीवर पिवळे डाग आणि हातात घेतली की गंधकाचा वास. भिंतीच्या चुन्यात जगलेलं रोप इथे मरतं, हे फार जिव्हारी लागलं.

खाणीवरचे लोक म्हणतात, सुबाभूळ लावा, कुठेही येते. पण मला तिथे पाखरं यायला हवी आहेत. वडावरून नाव पडलेल्या गावची माणसं आपण, वड सोडून कसं चालेल? कोणी असं काम केलं असेल तर सांगा.

जुना_सिंगरौलीकर

ताई, मी मूळचा बडोद्याचाच. नोकरीची बावीस वर्षं सिंगरौलीत दगडी कोळशाच्या खाणीवर गेली, त्यातली शेवटची नऊ ओबीच्या ढिगांवर झाडं लावण्यात. कोळशावरची जी माती-दगड काढून टाकतात तिला आम्ही ओबी म्हणायचो.

तुम्ही मुळं उपटून पाहिलीत, निम्मं उत्तर तिथेच आहे. पिवळे डाग आणि गंधकाचा वास म्हणजे पायराइट, लोखंड-गंधकाचं खनिज. जमिनीखाली असतं तोवर ते गप्प असतं. उघड्यावर हवा-पाणी लागलं की त्यातून गंधकाचं आम्ल सुटतं. आम्ल वाढलं की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं मारतं. वर कितीही पाणी घाला, झाड तहानलेलंच राहतं. पश्चिमेकडे बहुतेक खालच्या थरातला माल वर आलाय.

आधी मातीचा पीएच, म्हणजे आम्लता, बघा; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा आणि पट्टी बुडवा. दहा-बारा जागांची माती वेगवेगळी तपासा, एकत्र कालवू नका. चारच्या आसपास आलं तर त्या बाजूला यंदा एकही रोप लावू नका. चुनखडीच्या चार गोण्यांनी भागत नाही. पायराइटमधलं गंधक एक टक्का असेल तर हजार टन मातीला साधारण ३१ टन चुनखडी लागते. त्यापेक्षा तो उतार चांगल्या मातीने झाकून घ्या आणि वरून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवा.

दुसरी गोष्ट, लोखंडी सळई हाताने खुपसून बघा. वीतभर जाऊन अडली तर डंपर-डोझरने माती दाबून टाकली आहे. अमेरिकेत खाणींच्या जमिनी पूर्ववत करण्याच्या १९७७ च्या कायद्यानंतर खाणींच्या जमिनी डोझरने अशा घट्ट, गुळगुळीत केल्या की झाडं वाढेनात. आता तिथले वनीकरणवाले वरची चार फूट माती सैल, ओबडधोबड ठेवायला सांगतात. ढीग दिसायला वाईट दिसू द्या, मुळांना तेच हवं असतं.

आणि गवत! आम्ही सुरुवातीला नुसत्या झाडांच्या रांगा लावल्या. पहिल्याच पावसात घळी पडून रोपं मातीसकट खाली आली. मग दिनानाथ गवत आणि स्टायलो हा द्विदल चारा पेरायला लागलो, तेव्हा उतार धरला. तुमच्याकडे मारवेल चांगलं, गुजरातीत झिंझवो म्हणतात ते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट घालायला सांगितलं आहे. खाणवाल्यांशी बोलताना हे जरूर काढा. वड-उंबर दोन पावसाळ्यांनंतर, गवताच्या आडोशाला लावा. सोबत करंज, शिरीष, खैर असू द्या. सुबाभळीला मात्र ठाम नाही म्हणा. ती एकदा पसरली की दुसऱ्या कशाला जागा देत नाही.

वेडा_राघू

पाखरांबद्दल थोडं. त्या ढिगाला उभा कापलेला कडा आहे का? मातीत भोकं दिसली तर ती वेड्या राघूंची घरटी असू शकतात. मार्च ते जून तिकडे जेसीबी नेऊ नका. सगळे उतार सपाट करायच्या नादात अशी भिंत हमखास जाते. गवत आलं की तितर येतील, टिटव्या मात्र उघड्या मुरमाडावर आधीच असतील. हरियाल यायला तुमच्या वड-उंबरांना फळं धरेपर्यंत थांबावं लागेल. खड्ड्यात साचलेल्या पाण्याचाही पीएच बघा.

दांडियाबाजारकर

काका, काल जाऊन आले. पश्चिमेकडे सात जागी ३.५ ते ४, पूर्वेला ६.५. सळई दोन्हीकडे वीतभरच गेली. खड्ड्याच्या काठाला तांबूस साय आहे, पट्टी अजून बुडवली नाही. कड्यात भोकं आहेत, मी एकवीस मोजली आणि समोरच्या तारेवर दोन राघू बसले होते. जेसीबीवाल्याला जुलैपर्यंत थांबायला सांगितलं आहे. घरी उरलेली रोपं आणखी दोन वर्षं पिशवीत ठेवायची तर पिशव्या केवढ्या घेऊ?

जुना_सिंगरौलीकर

फूटभर उंचीच्या घ्या, आणि दर चार महिन्यांनी जागा बदला, नाहीतर मुळं पिशवी फोडून अंगणातच रुजतील.