दीडपट हायड्रो मारा आणि चार वर्षं निवांत झोपा?

जुनाफिटर: काल इथे एका साहेबांनी लिहिलं, "व्हेसल कितीही जुनं असो, दीडपट हायड्रो मारा, अर्धा तास काटा पडला नाही की चार वर्षं निवांत झोपा." हायड्रो म्हणजे व्हेसलमध्ये, म्हणजे दाबाच्या टाकीत, पाणी भरून ठरलेल्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन बघणं. घास गोड लागला नाही, म्हणून लिहितोय.

दहा मिलीमीटर प्लेटचा एअर रिसीव्हर (दाबाची हवा साठवायची टाकी) घ्या. तीस वर्षांत गंजून आठ उरली. त्याच दाबाला ताण सव्वापट झाला. वर दीडपट चढवलं की मूळच्या पावणेदोनपटीपुढे. एएसएमई या अमेरिकी संस्थेने आपल्या व्हेसल कोडमध्ये १९९९ मध्ये दीडाचं १.३ केलं, आपण मात्र नेमप्लेटवर टेस्टचा दाब १५ किलो आहे म्हणून १५ च. हायड्रो एवढंच सांगतो की आज फुटलं नाही. आत बारीक भेग असेल तर ती आपणच ओढून मोठी केलेली असू शकते. आधी जाडी मोजा, उरलेल्या जाडीवर दाब काढा, मग पाणी भरा.

शटडाऊनवाला: अर्धवट वाचून कोड सांगू नका हो. १.३ केलं कारण अलाउएबल स्ट्रेस (प्लेटवर येऊ द्यायचा ताण) काढायला प्लेटची मजबुती ज्याने भागतात तो भाजक चारावरून साडेतीनवर आणला. १.५ ला ४ ने भागा, १.३ ला ३.५ ने: ०.३७५ आणि ०.३७१. प्लेटला बसणारा मार तोच. तुमचा रिसीव्हर चाराच्या हिशेबातला, त्याला दीडच. आणि कोरोजन अलाउन्स, म्हणजे गंजेल म्हणून आधीच धरलेली जादा जाडी, काय शोभेला ठेवतात?

आता माझं ऐका. लॅगिंगवालं (वरून इन्सुलेशन गुंडाळलेलं) व्हेसल, चाळीस पॉइंटची थिकनेस शीट, एकही रीडिंग साडेनऊच्या खाली नाही. हायड्रोला अकरा किलोवर क्लॅडिंगखालून (लॅगिंगवरच्या पत्र्याखालून) ठिबकायला लागलं. लॅगिंग सोलल्यावर दिसलं, सपोर्ट रिंगच्या वर पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की गळत होते. चाळीसच्या चाळीस पॉइंट लॅगिंगला खिडक्या कापलेल्या तिथलेच! तुमच्या मीटरने पास केलेलं पाण्याने पकडलं.

बोअरचंपाणी: दाबावरून भांडताय, भरता कसलं पाणी ते कुणी विचारेल का? ३०४ स्टेनलेस स्टीलच्या रिअॅक्टरला बोअरचं पाणी भरून हायड्रो घेतला. पास. त्याच संध्याकाळी दिवाळीची सुट्टी लागली, ड्रेन करायचं राहिलं. अठरा दिवसांनी उघडलं तर वेल्डशेजारी तांबूस पुळ्या, खरवडल्या की खाली टाचणी जाईल अशी भोकं. धडधाकट रिअॅक्टर टेस्टने मारला. स्टेनलेसला अशी भोकं पाडणारं क्लोराइड ५० पीपीएमच्या आत हवं असं प्रोसिजरमध्ये लिहितात सगळे, मोजतं कोण?

शटडाऊनवाला: हा हायड्रोचा दोष, की ड्रेन न उघडणाऱ्याचा?

बोअरचंपाणी: न उघडणारा मीच. झालं समाधान? पण डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यासाठी दोनदा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाकलं होतं. परचेसने "पाणी ते पाणी" म्हणून परत पाठवलं.

परचेसमधला: आलं, शेवटी आमच्यावरच आलं. वीस हजार लिटर डीएम एका टेस्टला, मग थेट गटारात. तेच पुढच्या व्हेसलला वापरा म्हटलं तर म्हणे पंप रिकामा नाही.

बोअरचंपाणी: पंपाची फाइल कुणाच्या टेबलावर पडली होती ते सांगू का इथे?

टोरंटोकर: पाणी किती गार आहे तेही बघा. डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला जाड अमोनिया व्हेसल हायड्रोतच फुटलं. दोन टनांचा तुकडा दीडशे फुटांवर जाऊन पडला. गारठ्यात जाड स्टील काचेसारखं वागतं.

शटडाऊनवाला: ते नवंकोरं होतं आणि सहा इंच जाड. आमच्याकडे मे महिन्यात टाकीतल्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते.

जुनाफिटर: भागाकाराचं मान्य. १.३ चा दाखला मी चुकीचा दिला, घ्या, पेढे वाटा. पण एपीआय ५१० हा व्हेसल तपासणीचा अमेरिकी कोडसुद्धा चालू व्हेसलच्या नेहमीच्या तपासणीत प्रेशर टेस्ट सहसा नसते असंच म्हणतं. आणि तुमचं ते लॅगिंगवालं अकरा किलोवर ठिबकलं म्हणून निभावलं. आठ किलोवर चालू असताना तो पापुद्रा कितीसा उरला होता? लॅगिंग आधीच सोललं असतं तर डोळ्यांनी दिसलं असतं, पाण्याची गरजच नव्हती.

शटडाऊनवाला: सोलायचं बजेट तुम्ही देणार असाल तर पहिली शिडी मी लावतो. बरं, आधी जाडी, मग दाब, एवढं धरलं. पण हायड्रो सोडणार नाही.

बोअरचंपाणी: आणि पाणी?

परचेसमधला: उद्या टँकर येतोय. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) घेऊन या.

बोअरचंपाणी: टीडीएस मीटरला क्लोराइड वेगळं कळत नाही हो!