सोलर घड्याळाचा सेकंद काटा बारावर अडकलाय, रविवारच्या आत मदत हवी आहे

शिफ्टवाला_चाकण (मंगळवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. सोलर घड्याळ आहे, आत तीन छोट्या तबकड्या. मोठा सेकंद काटा बारावर उभा आहे तो हलायलाच तयार नाही. वरचं बटण दाबलं, खालचं दाबलं, दोन्ही एकदम दाबली, ढिम्म. वेळ मात्र बरोबर दाखवतंय, हे आणखी विचित्र. उन्हातही ठेवून झालं. इथल्या घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावून दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, सेल गेलाय, साडेतीनशेत टाकून देतो. सोलरमध्ये सेल असतो का? टाकू का? रविवारी मेहुणे जेवायला येणार आहेत, त्याआधी चालू व्हायलाच हवं. कृपया 'गूगल करा' सांगू नका.

कलपुर्जा (रात्री १०:५५)

कंपनी कुठली? मागच्या झाकणावर काय कोरलंय? इतके दिवस घड्याळ कुठे होतं? 'उन्हात ठेवलं' म्हणजे पाच मिनिटं की पाच तास? आणि तीन तबकड्यांपैकी एखादीत बारीक काटा फिरतोय का, फिरत असेल तर कसा? एवढं सांगा. तोवर कोणालाही झाकण उघडू देऊ नका.

झटपट_उपाय (रात्री ११:०३)

हातात घेऊन जोरजोरात हलवा. माझं असंच बंद पडलं होतं, दोन मिनिटांत चालू. ही घड्याळं हालचालीवर चार्ज होतात.

कलपुर्जा (रात्री ११:०९)

ते तुमचं ऑटोमॅटिक. त्यात आत वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते. सोलर हलवून फक्त हात दुखेल.

आबा_इचलकरंजी (रात्री ११:३१)

म्हणून म्हणतो, चावीचं घड्याळ बरं. माझी एचएमटी जनता अजून रोज सकाळी दाढीच्या आधी चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत चालते. ऊन नको, सेल नको, मेहुणे नकोत. हल्ली घड्याळात घड्याळं बसवतात आणि मग वेळ कुठे बघायची हे इथे विचारतात.

मँचेस्टरचा_मकरंद (रात्री ११:५०)

आबा, तुमच्या एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनेच. आणि त्याच सिटिझनने १९७६ मध्ये प्रकाशावर चालणारं काट्यांचं घड्याळ काढलं. तेव्हा हे तुमच्याच घराण्यातलं समजा.

धागाकर्ते, सिटिझनचं इको-ड्राइव्ह, म्हणजे त्यांचं उजेडावर चार्ज होणारं घड्याळ, असेल तर निर्धास्त राहा. इथे नोव्हेंबर ते जानेवारी दुपारी चारला अंधार, वर कोटाची बाही, तरी माझं नऊ वर्षांत एकदाही थांबलं नाही. शनिवार-रविवार खिडकीच्या कट्ट्यावर पडून असतं, बस्स.

आबा_इचलकरंजी (रात्री ११:५८)

मदत घेतली म्हणजे घराणं एक होत नाही. आम्ही शेजाऱ्याकडून विरजण आणतो.

शिफ्टवाला_चाकण (बुधवार, सकाळी ७:१५)

नाइट करून आत्ता आलो. सेकोचं आहे. झाकणावर व्ही१७५ आणि पुढे काहीतरी आहे. मेहुण्यांनी दुबईहून आणलं, गणपतीत दिलं. चांगलं घड्याळ म्हणून तेव्हापासून कपाटात डबीत जपून ठेवलं होतं. उन्हात म्हणजे बाल्कनीत अर्धा तास, वर रुमाल टाकून. धूळ बसते ना.

हो, एका तबकडीत बारीक काटा आहे. तो दोन-दोन सेकंदांची उडी मारतो. डिझाइन असेल असं वाटलं.

कलपुर्जा (सकाळी ७:४०)

रुमाल!!

अहो, घड्याळ ठणठणीत आहे, फक्त उपाशी आहे. दोन गोष्टी वेगळ्या करा.

मोठा मधला काटा हा रोजचा सेकंद काटा नाहीच. तो स्टॉपवॉचचा. स्टॉपवॉच चालू केल्याशिवाय तो बारावरच उभा राहणार, तीच त्याची जागा. रोजचे सेकंद तुमच्या त्या तबकडीतला बारीक काटा दाखवतो.

आता तो बारीक काटा दोन-दोन सेकंदांनी उडतोय, ती चार्ज संपत आल्याची खूण आहे. वेळ चुकत नाही, पण शक्ती वाचवायला घड्याळ स्टॉपवॉच बंद ठेवतं. म्हणून बटणं दाबून काही होत नाही. पूर्ण चार्ज असेल तर हे मशीन अंधारात साधारण सहा महिने काढतं. गणपती ते मार्च मोजा, झाले सहा-सात. दुकानातून निघताना ते पूर्ण भरलेलं असेलच असंही नाही.

सेल असतो, पण चार्ज होणारा. तबकडीखाली सोलर पट्टी असते, तबकडीतून झिरपलेला उजेड तिच्यावर पडतो आणि सेल भरतो. तिथे नेहमीचा सिल्व्हर ऑक्साइडचा सेल टाकला की तो चार्ज होऊ बघतो, तापतो, फुटूही शकतो. कंपनीच्या माहितीपत्रकात तशी स्पष्ट ताकीद आहे. माझ्या सासऱ्यांच्या घड्याळात एकाने असाच सेल कोंबला होता. चार महिन्यांनी झाकण उघडलं तर आत हिरवट चिकटा आणि पट्टी काळी पडलेली. त्या दुकानाचं नाव घेत नाही, तसे बरेच आहेत. तुमचे साडेतीनशे वाचवा.

झटपट_उपाय (सकाळी ८:०५)

मग सोपं आहे, दुपारी बारा ते चार गच्चीवर टाका. मार्चचं ऊन कडक असतं. किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर.

मँचेस्टरचा_मकरंद (सकाळी ८:२०)

नका, नका! ६० अंशांच्या वर चार्ज करू नका असं सेको आणि सिटिझन दोघेही सांगतात. बंद गाडीचा डॅशबोर्ड आणि दुपारच्या गच्चीचा पत्रा सहज तिथे पोचतो. उजेड पाहिजे, भट्टी नको.

कलपुर्जा (सकाळी ८:३१)

सहमत. सकाळचं कोवळं ऊन, तबकडी वर, रुमाल नाही. उजेड लक्समध्ये मोजतात. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर दहा हजार लक्स मिळतात, भर उन्हात लाखभर. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली पाचशेच्या आसपास. म्हणजे उन्हातला आणि ट्यूबखालचा फरक दोनशे पटींचा. तुमचा अर्धा तास खरं तर पुरला असता काटा एकेक सेकंदावर यायला, रुमालाने घात केला. जास्त चार्ज होऊन बिघडत नाही, ती सोय आत असते. रोज सकाळी दोन-तीन तास ठेवा, रविवारपर्यंत आरामात होईल.

नीता_बदलापूर (सकाळी १०:१२)

धागा पळवते आहे, माफ करा. आमच्या ह्यांचा पन्नासावा वाढदिवस आहे. बजेट पंचवीस हजार. असंच सोलर, स्टॉपवॉचवालं घ्यायचं आहे. सिटिझन की सेको? मनगट बारीक आहे.

मँचेस्टरचा_मकरंद (सकाळी १०:३०)

सिटिझन. डोळे मिटून.

रूळवेडा (सकाळी १०:४४)

डोळे उघडून घ्या हो. नीताताई, ते स्टॉपवॉच कशासाठी वापरणार? मी माझं रेल्वेत वापरतो. बाहेरच्या कड्यावर ६०, ७०, ८० असे आकडे असतात ना, तो टॅकीमीटर. रुळाशेजारच्या किलोमीटरच्या एका पाटीला बटण दाबायचं, पुढच्या पाटीला पुन्हा. काटा ज्या आकड्यावर थांबेल तो तुमचा ताशी वेग. ३६ सेकंद लागले तर १००, ४५ लागले तर ८०. कोकण रेल्वेवर बोगदा आला की पाटी हुकते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. बायको आता शेजारी बसत नाही.

नीता_बदलापूर (सकाळी ११:०२)

हे लोकलमध्ये लटकून जातात, पाटी कुठली बघणार. दिसायला छान दिसतं म्हणून घ्यायचंय.

कलपुर्जा (सकाळी ११:२०)

कंपनी नंतर. पन्नाशी म्हणजे चष्मा आला असेलच. मग आधी हे बघा की रोजची वेळ चष्म्याशिवाय एका नजरेत दिसते का. काळ्या तबकडीवर काळे काटे, तीन खिडक्या आणि इवलीशी तारीख असलं घड्याळ काचेच्या कपाटात देखणं दिसतं आणि लोकलच्या दारात काही दिसत नाही. पांढरे जाड काटे आणि गडद तबकडी, किंवा याच्या उलट.

मनगट बारीक असेल तर नुसता ४२-४३ मिलिमीटरचा व्यास विचारू नका. पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. ती मनगटाच्या बाहेर गेली की वाटी उपडी ठेवल्यासारखं दिसतं. काच सफायर, म्हणजे सहजी ओरखडे न पडणारी, मिळाली तर घ्या, लोकलमध्ये दांड्यावर घासून साध्या काचेचं काय होतं ते सांगायला नको. महिन्याला पंधरा सेकंद इकडेतिकडे हे दोन्ही कंपन्यांत आलं, त्यावर भांडू नका.

मँचेस्टरचा_मकरंद (सकाळी ११:४१)

भांडत नाही. पण टायटॅनियमचं हातात घेऊन बघा, वजनच लागत नाही. आणि १०० मीटर वॉटर रेझिस्टंट लिहिलं असलं तरी पाण्यात बटणं दाबायची नाहीत.

आबा_इचलकरंजी (दुपारी १२:१५)

पंचवीस हजारांत आमच्या वेळी लग्न व्हायचं.

शिफ्टवाला_चाकण (शुक्रवार, सकाळी ७:३८)

अहो, माझा धागा आहे हा! बारीक काटा आता एकेक सेकंद चालतोय, धन्यवाद. स्टॉपवॉचही चालू झालं. पण नवीन लफडं. शून्य केलं की मोठा काटा बारावर न येता बारा आणि एकच्या मधे थांबतो. काही केलं नाही मी.

कलपुर्जा (सकाळी ७:५०)

बाजूची वेळ लावायची चावी बाहेर ओढून बटणं दाबली होतीत का?

शिफ्टवाला_चाकण (सकाळी ७:५४)

वेळ लावताना दाबली असतील. दोन-चारदा.

कलपुर्जा (सकाळी ८:०२)

झालं तर मग. चावी बाहेर असताना तीच बटणं स्टॉपवॉचचे काटे जागेवर लावायच्या कामाची असतात. तुम्हीच सरकवलात, तुम्हीच परत आणा. व्ही१७५ या आतल्या मशीनच्या नंबरानेच माहितीपत्रक शोधा, मॉडेलच्या नावाने नको. कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते चित्रासकट आहे. सावकाश, एकेक पाऊल. आणि रात्री नऊ ते एकच्या मधे तारीख बदलू नका, तेव्हा आतलं चाक आधीच फिरत असतं.

झटपट_उपाय (सकाळी ८:१०)

हलकेच टेबलावर आपटून बघा.

रूळवेडा (सकाळी ८:१२)

तुम्हाला घड्याळापासून लांब ठेवायला हवं.

शिफ्टवाला_चाकण (रविवार, रात्री ९:२६)

मेहुणे येऊन गेले. काटा काल रात्री बरोबर बारावर आणला, हिची मदत घेऊन, कारण माझा अंगठा त्या बटणावर मावतच नाही. दारातून आत आल्या आल्या त्यांनी माझा हात धरला, घड्याळ जवळ घेऊन बघितलं आणि म्हणाले, "अरे, सेकंद काटा बंद पडलाय की काय याचा? बिल आहे माझ्याकडे, बदलून आणतो." मग पोळ्या थंड होईपर्यंत त्यांना बारीक काट्याचं शिक्षण दिलं.

आता एकच. पट्ट्याच्या दोन कड्या जास्त आहेत, घड्याळ मनगटावर फिरतं. घरी काढता येतील का?

कलपुर्जा (रात्री ९:४०)

पट्टा स्टीलचा का? आतल्या बाजूला बाण कोरलेत? फोटो टाका.

नीता_बदलापूर (रात्री १०:०५)

आज दुकानात जाऊन आले. यांनी चार घड्याळं हातात घातली, एकही चष्म्याशिवाय वाचता आलं नाही. शेवटी विचारलं, स्टॉपवॉच नसलेलं सोलर मिळेल का. ते मोठ्या आकड्यांचं घेतलं आणि उरलेल्या पैशांत चष्मा.