भेदभावाच्या कायद्यात 'अपवाद' कशाला म्हणायचं?

विचारणा: काल स्वारगेटहून येताना पीएमपीच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) बसमध्ये बायकांच्या राखीव सीटवरून जुंपली. एकजण म्हणाले, "हा पुरुषांवर अन्याय आहे." दुसऱ्यांनी समजूत घातली, "अहो, कायद्यात तेवढा अपवाद ठेवलाय." इथे अपवाद बरोबर, की परंतुक?

उत्तर: ताई, दोन्ही नकोत. परंतुक म्हणजे कलमाच्या शेवटी 'परंतु' म्हणून जोडलेला मजकूर. राज्यघटनेतला अनुच्छेद १५(३) हा स्वतंत्र खंड आहे आणि तो स्त्रिया व बालकांसाठीच्या 'विशेष तरतुदी'बद्दल बोलतो. अपवाद म्हटलं की नियम वाकवून मेहेरबानी केल्यासारखं वाटतं, तेच मला खटकतं. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाच्या अनुच्छेद १६(४) बद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सांगितलंय की तो समान संधीला अपवाद नाही, तिचाच भाग आहे.

खरा अपवाद बघायचा तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ३(३) काढा. दिव्यांगत्वावरून भेदभाव करायचा नाही. मात्र भेद करणारी कृती रास्त उद्दिष्ट गाठण्याचा प्रमाणशीर मार्ग आहे असं दाखवून दिलं, तर चालेल. यातलं 'दाखवून दिलं' फार मोलाचं आहे, कारण ते ओझं भेद करणाऱ्यावर पडतं. आणि 'प्रमाणशीर' म्हणजे हेतू चांगला असून भागत नाही, उपायही बेताचा हवा. अंध व्यक्तीला बस चालवायला दिली नाही, तर कुणी हरकत घेणार नाही. पण ऐकू न येणाऱ्या मुलीला डेटा एन्ट्रीची नोकरी नाकारायची, का तर अधूनमधून फोन उचलावा लागतो? फोन शेजारच्या टेबलावर ठेवता येतो की!

विचारणा: काका, मग 'बायकांच्या सुरक्षेसाठी' हे कारण चालतं का?

उत्तर: नुसतं नाही चालत. बारमध्ये बायकांना नोकरीवर ठेवायला बंदी घालणारं पंजाब अबकारी कायद्यातलं कलम २००७ मध्ये अनुज गर्ग खटल्यात टिकलं नाही. सुरक्षा हवी तर बंदोबस्त वाढवा, बाईची रोजीरोटी का काढून घेता, असा त्या निकालाचा रोख. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएचंही (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचंही) तसंच. मुलींना परीक्षेला न बसवणं ही धोरणाची बाब आहे असं सरकार सांगत राहिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन मुलींना बसू दिलं आणि २०२२ मध्ये पहिल्या मुली दाखल झाल्या. 'धोरण' हा शब्द म्हणजे समर्थन नव्हे.

विचारणा: आणि पेठेतल्या 'फक्त अमुक समाजाच्या कुटुंबाला भाड्याने' या पाट्या? तो कायदेशीर अपवाद ना?

उत्तर: नाही हो. भेदभावाला मनाई करणाऱ्या अनुच्छेद १५ मधला १५(१) सरकारला बांधतो, १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा ठिकाणी लागू होतो. खाजगी मालकाची खोली यांत येत नाही, म्हणून त्याला कुणी कारण विचारलेलंच नाही. अपवादाला निदान कारण तरी द्यावं लागतं. याला 'पळवाट'ही म्हणू नका, कारण अनुच्छेद १५ मध्ये ही वाट अडवणारा खंडच नाही. 'पोकळी' म्हणा, आणि ती भरून निघावी असं मला मनापासून वाटतं.