मारुती ८०० चं हेड (सिलेंडरवरचं झाकण) इंजिन न उतरवता निघतं का? सल्ला हवा

तीन_सिलेंडर (गडहिंग्लज):
घरची ८००, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय, खाली मात्र थेंब दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गाडी तापल्यावरही तो थांबत नाही. परवा आजऱ्याच्या रस्त्याला काटा लालपर्यंत गेला. ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा फेस आहे. मेकॅनिक म्हणतोय, हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सील, उडालंय, इंजिन खाली घ्यावं लागणार, मग फुल इंजिनच (पूर्ण ओव्हरहॉल) करून टाका. माझ्याकडे सॉकेट सेट आहे, शेजारच्या काकांचा टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा) मिळेल. हेड जागेवरच काढता येईल का? की मेकॅनिक म्हणतोय तेच बरोबर?

पाना_सतरा:
जागेवरच निघतं. ८०० चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलेंडर, वर ॲल्युमिनियमचं हेड आणि खाली बिडाचा ब्लॉक. बॉनेट उघडलं की हेड समोरच. नुसत्या गॅस्केटसाठी इंजिन उतरवायचं काहीच कारण नाही. पण हात लावायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, गेज लावून बघा. तिन्ही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा, आकडे इथे टाका. ज्याचं कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

तीन_सिलेंडर:
एक नंबर १६५ पीएसआय, दोन नंबर ९०, तीन नंबर ८५. ऑइल टाकून दोन आणि तीनमध्ये फरक जवळपास शून्य.

पाना_सतरा:
मग झालं की निदान. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदमच पडलेत आणि ऑइलने फरक नाही, म्हणजे त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळलीय. रिंगांवर संशय घ्यायला जागा नाही. फुल इंजिन कशासाठी, हे मेकॅनिकला विचारा जरा.

ग्रीसचे_हात:
माझं गॅरेज आहे, म्हणून सविस्तर लिहितो. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गरम असताना ॲल्युमिनियमचं हेड खोललं तर ते हमखास वाकतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाणी पूर्ण उतरवा. एक्झॉस्टच्या नटांवर आदल्या संध्याकाळीच गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा. या कामात दिवस खातात ते हेच नट, हेडचे बोल्ट नव्हेत. एखादा स्टड तुटला की अख्खं वेळापत्रक कोलमडतं. कार्ब्युरेटर आणि इनलेट मॅनिफोल्ड हेडसकट उचला, सुटं करत बसू नका. पकडायलाही बरं पडतं.

टायमिंग बेल्ट (क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारा) काढण्याआधी एक नंबर पिस्टन वर आणून टायमिंगच्या खुणा जुळवा, मोबाईलवर फोटो काढा. डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना ठिणगी वाटणारा) रोटर कुठे बघतोय तीही खूण करा. बेल्ट निघाला की क्रँकला हात लावायचा नाही.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, पाव पाव फेरा करत तीन टप्प्यांत सैल करा. बसवताना उलट, मधून बाहेर. हेड चिकटून बसलं तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका, एका चरीने नवीन गॅस्केटही गळतं. लाकडी हातोड्याने कडेच्या जाड भागावर हलके ठोके द्या. निघाल्यावर पालथं टेकवू नका, उघडे व्हॉल्व्ह खाली येतात. दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा.

अँबीवाले_आजोबा:
८०० ला बोल्ट आहेत म्हणून तुमची मजा आहे बाळांनो. आमच्या अँबॅसेडरचं बिडाचं हेड स्टडवर बसतं. सरळ वर उचलावं लागतं, जरा तिरपं झालं की अडकतं, आणि वजन असं की दोघं लागतात. पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या सळ्या) मात्र पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने लावून ठेवायचे. असो, विषय ८०० चा आहे.

लेथ_आणि_मी (कोल्हापूर):
हेड घेऊन उद्यमनगरात या, फेसिंग मारून (हेडची खालची बाजू सपाट करून) देणारे भरपूर आहेत. पण आधी स्वतः सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी धरून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घालून बघा. ०.०५ मिमीचं पान सरकलं तर फेसिंग हवं. तीच पट्टी ब्लॉकवरही धरा, विशेषतः दोन आणि तीनच्या मध्ये. हेड पिशवीत घालून आणता येतं, ब्लॉक नाही. ब्लॉक वाकलेला किंवा तिथे खाच पडलेली निघाली तर तुमचा मेकॅनिक खरा, इंजिन उतरवावंच लागेल. हे हेड निघाल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

ब्लॉकवर ग्राइंडरची चकती चालवू नका. ती बारीक रेती ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. सिलेंडरमध्ये कपडा कोंबून हाताने खरवडा. आणि बोल्टच्या भोकात पाणी-ऑइल साठलं असेल तर हवा मारून कोरडं करा. बंद भोकात पाणी राहून बोल्ट आवळला तर दाबाने ब्लॉक तडकतो.

तीन_सिलेंडर:
ही भोकांची गोष्ट मेकॅनिक बोललाच नव्हता. गॅस्केटला सोल्युशन लावायचं का?

ग्रीसचे_हात:
नाही. कोरडंच बसतं, वरची बाजू बघून. टॉर्कचा आकडा ८०० च्याच मॅन्युअलमधून घ्या, दुसऱ्या गाडीचा ऐकीव नको. बोल्टच्या आट्यांना हलकं ऑइल, मग टप्प्याटप्प्याने आवळा. व्हॉल्व्हची गॅप सेट करा, बेल्ट नवीनच टाका. ऑइल लगेच बदला आणि थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा, कारण फेस सगळा पहिल्या वेळी निघत नाही.

पाना_सतरा:
आणि गाडी कशामुळे तापली, हे न शोधता सगळं बंद केलंत तर पैसे पाण्यात. रेडिएटर चोंदलाय का, फॅन सुरू होतो का, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडतो का? तो भांड्यात पाणी गरम करून तपासता येतो. इतकी वर्षं कूलंट टाकत होता की नळाचं पाणी?

तीन_सिलेंडर:
नळाचं. आणि फॅनचं म्हणाल तर शेवटचा कधी ऐकला आठवत नाही.

पाना_सतरा:
फॅनचा स्विच आजच बघा. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. फॅन फिरला तर स्विच मेलाय, नाही फिरला तर फ्यूज, रिले नि मोटर.

ओम्नी_कोकण:
माझ्या ओम्नीला पण हेच चालेल ना? इंजिन तेच आहे.

ग्रीसचे_हात:
इंजिन तेच, पण पुढच्या सीटखाली. सीट आणि झाकण काढून वरून काम, वाकून वाकून पाठ जाते. कार्पेट आधी उचला, पाणी-ऑइल सांडतंच.